पेशी दिल्याबद्दल

“हा पेपर साइट करायचा, संदर्भांत घालायचा, पण त्यातल्या पेशींना हात लावायचा नाही, असं आमच्या मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात,” ती हसत म्हणाली आणि तिने बिस्कीट कॉफीत बुडवलं. मीही हसले. परिषदेच्या मधल्या सुट्टीत कुणी काही बोललं की आधी हसायचं आणि मग ऐकायचं, ही इतक्या वर्षांची सवय. ही बाई लंबूच्या, म्हणजे माझ्या जुन्या मैत्रिणीच्या, प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली, बोलकी, चष्मा डोक्यावर सरकवलेली. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं; माझ्या नावाचा बिल्ला स्वेटरच्या आत गेला होता. “कुठला पेपर?” मी विचारलं. तिने सांगितलं. माझाच होता. “आणि हात का नाही लावायचा?” “अहो, त्या पेशी त्या नाहीतच ना. मूत्रपिंडाच्या म्हणतात, पण आहेत भलत्याच ट्यूमरच्या. सगळ्यांना माहितीये.” एवढ्यात तिच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला आणि “अगं बाई गं” म्हणत ती चमचा शोधायला गेली. मी तिथेच उभी राहिले. कॉफीच्या यंत्रातून थेंब गळत होते आणि मागून रांगेतलं कुणीतरी विचारत होतं, “घेताय ना?”

मी घेतली नाही. आत जाऊन बसले. दिवे मंद झाले, पडद्यावर कुणाचे तरी आलेख येऊ लागले, आणि मला पहिल्या रांगेत लंबूचं डोकं दिसलं, सगळ्यांच्या वर. मागच्या माणसाला पडदा दिसावा म्हणून ती आयुष्यभर खुर्चीत घसरून बसत आली आहे, त्यामुळे तिची पाठ दुखते. मला तिच्या पाठीचं माहीत आहे, गुडघ्याचं माहीत आहे, थोरल्या जावेशी ती का बोलत नाही तेही माहीत आहे. लंबू हे नाव मीच ठेवलेलं, आणि तिने माझं बुटकी. पीएचडीच्या वेळी सरांच्या प्रयोगशाळेत आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना काम करायचो. वरच्या फळीवरचं ती काढून द्यायची, खालच्या कपाटात वाकायचं मी. आमच्या दोघींचा मिळून एक धड माणूस होतो, असं सर म्हणायचे. सर गेले तेव्हा आम्ही दोघी एकाच रिक्षातून गेलो आणि वाटेत एक शब्द बोललो नाही, गरजच पडली नाही. त्या डोक्याकडे बघत मी स्वतःला समजावत होते की ती बाई कुणा दुसऱ्याच पेपरबद्दल बोलत असेल, नवी आहे, ऐकीव बडबडत असेल. पण ‘पहिल्याच दिवशी सांगतात’ हे शब्द काही केल्या हलत नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणजे नियम. म्हणजे हातमोजे घाला, नळ बंद करा, आणि बुटकीच्या पेशींना हात लावू नका.

माझा पेपर म्हणजे काय, हे माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेही जेवताना, मी चमचे-वाट्या मांडून सांगितलं तेव्हा. पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ, थांब, मर, असा काहीतरी. तो तिच्या भिंतीवर येऊन टेकतो. आत केंद्रकापर्यंत त्याला स्वतःला जाता येत नाही, म्हणून आतली प्रथिनं एकमेकांच्या कानात सांगत सांगत तो पुढे नेतात. मी असं दाखवलं होतं की मूत्रपिंडाच्या पेशींत या रांगेतलं एक प्रथिन निरोप ऐकतं आणि पुढे सांगतच नाही. धरून ठेवतं. “म्हणजे तुझ्या मामीसारखं,” नवरा म्हणाला होता. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याला सगळं घरगुती करून लागतं. पण त्याचं बरोबर होतं. या न सांगणाऱ्या प्रथिनावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. प्राध्यापकी, अनुदानं, परदेशातली व्याख्यानं. लोकांनी तो पेपर इतका साइट केला, म्हणजे आपापल्या पेपरांत त्याचा आधार दिला, की आमच्या संचालकांनी त्याचं पहिलं पान चौकटीत घालून लिफ्टशेजारी लावलं. पाहुणे आले की ते त्यांना तिथे थांबवायचे आणि सायटेशनचा ताजा आकडा धावफलकासारखा सांगायचे. मी संकोचल्यासारखं करायची, पण आकडा मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघत असे, खोटं कशाला बोलू. पुढच्या महिन्यात संस्था त्या पेपरसाठी माझा सत्कार करणार होती. मुख्य भाषण लंबूचं ठरलं होतं.

परिषद संपल्यावर ती मला दारात भेटली, नेहमीसारखा माझ्या खांद्यावर कोपर टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, “काय गं, चेहरा का उतरलाय? कॉफी वाईट होती का?” मी म्हटलं, हो, वाईट होती. बसमध्ये खिडकीशी बसले. काचेवर कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा डाग होता आणि त्यातून रस्त्यावरचे दिवे पसरट दिसत होते. ती बाटली मला आठवायला नको होती, पण आठवलीच. थंडीचे दिवस होते. सरांकडून बाहेर पडून आम्ही वेगवेगळ्या इमारतींत लागलो होतो. माझी प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि पेशी ऊबेत वाढवायचा एक उसना इन्क्युबेटर. मूत्रपिंडाच्या त्या पेशी तिच्याकडे होत्या, माझ्याकडे नव्हत्या, आणि विकत घ्यायची ऐपत नव्हती. तिने बाटली गळ्यापर्यंत लालसर माध्यमाने, म्हणजे पेशींच्या खाद्याने भरली, झाकण घट्ट केलं, आणि गारठ्यात पेशी मरू नयेत म्हणून ती स्वेटरच्या आत, पोटाशी धरून सगळं आवार ओलांडून आली. दारात उभी राहून तिने स्वेटरमधून ती बाटली काढली तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतला तंत्रज्ञ बघायला आला. “घे तुझं बाळ,” ती म्हणाली होती. बाटली ऊबदार होती. मला मूल नाही. पुढे कुणी त्यावरून टोचून बोललं की मला उगाच ते वाक्य आठवायचं.

त्या पेशी भराभर वाढायच्या. इतर लोक रडायचे की मूत्रपिंडाच्या पेशी हट्टी असतात, आठवडाभर ढिम्म हलत नाहीत. माझ्या बघता बघता बाटलीचा तळ भरून टाकायच्या. मी त्याला हातगुण म्हणायची. पेशींची ओळख पटवून घ्यायची तपासणी तेव्हा कुणी फारशी करत नसे. पुढे सगळे करू लागले, नियतकालिकं मागू लागली, पण तोवर माझा पेपर इतका जुना आणि इतका मोठा झाला होता की त्याला कोण विचारणार? आणि मुख्य म्हणजे, लंबूने दिलेल्या पेशी. आईने वाढलेलं ताट कुणी तपासून बघतं का?

दुसऱ्या दिवशी मी द्रव नायट्रोजनच्या पिंपातून त्या पेशींची सगळ्यात जुनी कुपी काढली. झाकण उचललं की पांढरा धूर गुडघ्यांपर्यंत उतरतो, तो मला नेहमी आवडत आला आहे. त्या दिवशी नुसता थंड वाटला. पेशी वितळवल्या, वाढवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. इतकी वर्षं ज्यांच्याकडे बघून मला आपलं माणूस दिसल्यासारखं वाटायचं त्या सगळ्या अंग चोरून, दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मला एकही ओळखीची वाटेना. नमुना बाहेरच्या एका तपासणी केंद्राकडे पाठवला. पाठवताना पेशींचं नाव लिहिलं नाही, ‘अज्ञात’ लिहिलं. उत्तर येईपर्यंत मी घरात नको तितकी बोलत होते. नवऱ्याने एकदा विचारलं, “काय दुखतंय?” मी म्हटलं, “काही नाही.” तो म्हणाला, “काही नाही म्हणणाऱ्यांचेच दात काढावे लागतात,” आणि वर्तमानपत्र वाचायला लागला.

उत्तर आलं. त्या मूत्रपिंडाच्या नव्हत्याच. जगातल्या निम्म्या प्रयोगशाळांत घुसलेल्या एका कुप्रसिद्ध ट्यूमरच्या होत्या. त्यांचा एक थेंब पिपेटवरून चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तरी महिन्याभरात मूळच्या पेशी नाहीशा होतात आणि या उरतात. मी ते वाचून खुर्चीत बसून राहिले. आधी पेपरचं वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. चूक कुणाचीही होते, ट्यूमरच्या पेशीला कुणाचं सोयरसुतक. मला आठवत होती ती पत्रं. वर्षातून एक-दोन तरी यायची. कुठल्यातरी लांबच्या संशोधकाचं, बहुतेक नवख्याचं: ‘आम्ही तुमचा प्रयोग मूत्रपिंडाच्या पेशींत करून बघतोय, आम्हाला ते प्रथिन निरोप धरून ठेवताना दिसत नाही, आमचं काय चुकतंय?’ इतकं अदबीने लिहिलेलं असायचं, ‘आमचं काय चुकतंय’. मी ते पत्र घेऊन लंबूकडे जायची. ती शेजारी खुर्ची ओढून बसायची, चष्मा पुसायची, आणि आम्ही मिळून उत्तर लिहायचो. “त्यांना सांग, माध्यमातलं सीरम बदला.” “सांग, पेशी फार दाट होऊ देऊ नका.” एकदा तर म्हणाली होती, “लिही, हाताला सवय व्हावी लागते.” मी तसंच लिहिलं होतं. त्या माणसाने दोन वर्षांनी आभाराचं पत्र पाठवलं, की आता आम्ही हा विषय सोडला, आपण दिलेल्या वेळाबद्दल ऋणी आहोत. ते वाचून लंबू बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं होतं, पाठ दुखतेय.

निरोप ऐकायचा आणि पुढे सांगायचा नाही. ही उपमा मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्या सुचली आणि माझा मलाच संताप आला. मूत्रपिंडात नसलेलं प्रथिन माझ्या शेजारी चष्मा पुसत बसलं होतं. मला रडू येत नव्हतं. लहानपणी खेळात आपल्यावर राज्य असावं, डोळे झाकून आपण आकडे मोजत बसावं आणि बाकीच्या सगळ्या मुलींनी केव्हाच घरी निघून जावं, तसं काहीतरी झालं होतं. सगळ्यांना माहितीये. म्हणजे माझ्या व्याख्यानानंतर टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीजणांना?

रविवारी सकाळी तिच्या घरी गेले. न कळवता गेले, तसं आमचं चालतं. दार उघडून ती म्हणाली, “ये, बरी आलीस, मटार सोलू लाग.” तिचा नवरा फिरायला गेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर शेंगांचा ढीग. मी बसले, दोन-तीन शेंगा सोलल्याही. मग म्हटलं, “लंबू, मी माझ्या पेशी तपासून घेतल्या.”

तिची बोटं थांबली. शेंग अर्धी उघडी राहिली. “कोणी सांगितलं तुला?” ती म्हणाली.

बस एवढंच. ‘काय निघालं?’ असं ती म्हणाली असती तर मी कदाचित सगळं विसरायला तयार झाले असते, माणूस इतकं भोळसट असू शकतं. घरून निघताना मी मनातल्या मनात तिची बाजू घेतच निघाले होते.

“कधीपासून माहितीये?”

“गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, त्याच्या आधी. एका नियतकालिकाने तपासणी मागितली, म्हणून माझ्याकडच्या तपासल्या. मग फेकून दिल्या आणि नव्या मागवल्या.”

तिच्या त्या ऑपरेशनला दवाखान्यात मी राहिले होते. तिची वेणी घालायची, तिला धरून न्हाणीघरात न्यायची, आणि भूल उतरताना ती माझा हात घट्ट धरून काहीबाही बरळत होती. तेव्हा सगळं माहीत होतं.

“आणि ती पत्रं? सीरम बदला म्हणून सांग, असं तू सांगितलंस मला. शेजारी बसून.”

“मग काय सांगणार होते, बुटके? तू इतकी खुशीत असायचीस. आणि दिवस गेले की बोलणं अवघड होत जातं गं. आज सांगू, उद्या सांगू. म्हटलं, पेपर जुनाय, आपोआप मागे पडेल.”

“मागे पडेल कसा? तूच दर पेपरात साइट करत होतीस.”

“तुझं नाव राहावं म्हणून. तुझ्यासाठीच ना.”

“माझ्यासाठी तुझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगत होतीस, हात लावू नका म्हणून. मला सांगितलं नाहीस. तुझ्या लॅबमधल्या काल आलेल्या बाईला माहीत, आणि मला नाही.”

शेंग पूर्ण उघडून तिने दाणे वाटीत टाकले. एक दाणा घरंगळत खाली गेला आणि सवयीने मी वाकले, खालचं उचलायचं काम माझंच असतं. टेबलाखालून वर येताना मी म्हटलं, “पेपर मागे घेतेय मी.”

“अगं, सत्कार आहे तुझा.”

“म्हणून तर आधी घेतेय.”

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचं टूं-टूं वाजत राहिलं. ते थांबेपर्यंत ती थांबली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात, मदत मागावी तसं तिने विचारलं, “त्यात पेशी कुठून आल्या ते लिहायलाच हवं का?” आणि मी काही म्हणायच्या आत पुढे सगळं बोलून गेली. यंदा विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदाला ती उभी आहे. असल्या गोष्टीवर लोक टपलेलेच असतात. बाटली आणली त्या दिवशी तिने मूत्रपिंडाच्या आणि त्या ट्यूमरच्या, दोन्ही जातीच्या पेशींना एकाच बाटलीतलं माध्यम घातलं होतं, घाईघाईत, कारण मी तिकडे वाट बघत होते आणि इन्क्युबेटर थोड्याच महिन्यांपुरता उसना मिळाला होता. “तेव्हाच वाटलं होतं मला, असं करू नये. पण तू इतकी मागे लागली होतीस.”

तेव्हाच. म्हणजे बाटली पोटाशी धरून आवार ओलांडताना. म्हणजे ‘घे तुझं बाळ’ म्हणताना. मला वाटत होतं, तिने माझ्यावर दया केली, आणि त्या दयेचाच मला राग होता. पण तीही नव्हती. दर पेपरात माझं नाव घालून ती भांड्यावर झाकण ठेवत होती, आणि मी ते झाकण रोज सकाळी मोजत होते. मी उठले. पदराला हिरवी सालं लागली होती ती झटकली. “मटार राहिलेत,” ती म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. मी जिना उतरले, लिफ्ट असून. खाली आल्यावर लक्षात आलं की तो एक दाणा माझ्या मुठीतच राहिलाय. तो मी खाऊन टाकला.

पेपर मागे घेतला. संचालक म्हणाले, “जरा थांबला असता, सत्कार तरी होऊन गेला असता.” सत्कार अर्थातच झाला नाही. लिफ्टशेजारची चौकट काढून तिथे आता आग लागल्यास कुठून पळायचं त्याचा नकाशा लावला आहे. तो जास्त उपयोगाचा आहे. त्या दोन वर्षं घालवलेल्या माणसाला मी पत्र लिहिलं, की चूक तुमची नव्हती. त्याचं उत्तर आलेलं नाही. लंबू अध्यक्ष झाली. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही कुठे गेले नाही सांगायला. पेपर मागे घेण्याच्या निवेदनात मी एवढंच लिहिलं होतं की पेशींची ओळख चुकीची होती. ते मी तिच्यासाठी केलं की तिचं नाव पुन्हा लिहायची इच्छा नव्हती म्हणून, हे मला सांगता येत नाही. फोन तिचा येत नाही, माझा जात नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दात काढला की जीभ काही दिवस तिथेच जाते. जाऊ दे तिला.” आणि माझा आकडा अजून वाढतोच आहे. मागे घेतलेला पेपरही लोक साइट करतात, वाचतो कोण? परवा लंबूच्या प्रयोगशाळेचा नवा पेपर आला. त्याच्या संदर्भांच्या यादीत मी नव्हते. बरोबरच आहे, नसायलाच हवं होतं. तरी मी ती यादी खालून वर एकदा आणि वरून खाली एकदा वाचली, आणि इतकं तुटल्यासारखं झालं की मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

मग मी माझा पेपर उघडला. नियतकालिकाने प्रत्येक पानावर तिरक्या लाल अक्षरांत ‘मागे घेतला’ असं छापलं आहे. आकृत्यांवरून, तक्त्यांवरून, माझ्या नावावरून ते गेलं आहे. शेवटच्या पानावर मात्र मजकूर कमी, त्यामुळे ते लाल वरच्या कोऱ्या जागेतच संपतं, आणि खालचं आभाराचं वाक्य स्वच्छ राहिलं आहे. पेशी दिल्याबद्दल आणि थंडीत त्या आपल्या अंगाच्या ऊबेत सांभाळून आणल्याबद्दल मी माझ्या मैत्रिणीची ऋणी आहे, असं ते वाक्य. पुढे तिचं पूर्ण नाव. संपादकांनी तेव्हा कळवलं होतं, ऊब वगैरे काढा, आमच्याकडे असं लिहीत नाहीत. मी दोनदा पत्र पाठवून भांडले होते आणि ते ठेवायला लावलं होतं.